साडेतीनच्या आत

मशीन बंद पडणं वेगळं आणि बंद पडलेलं मशीन वेळेत पुन्हा उभं न राहणं वेगळं. पहिल्याची धास्ती सगळ्यांना असते. त्यासाठी यूपीएस असतो, जनरेटर असतो, दुसऱ्या कंपनीची लाइन घेतलेली असते. दुसऱ्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. २४ फेब्रुवारी २०२१ च्या बुधवारी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईत, जे घडलं ते मला या दुसऱ्या गोष्टीसाठी महत्त्वाचं वाटतं. लिंक गेल्या म्हणून बाजार थांबला हे खरं. पण लोकांचे पैसे गेले ते थांबलेली यंत्रणा पुन्हा उठायला चार तास लागले म्हणून.

या घटनेचं घड्याळ दुपारी साडेतीनवर लावायचं, कारण बाजार रोज तेव्हा बंद होतो. सकाळी घेतलेलं संध्याकाळपर्यंत विकायचं, अशा इंट्राडे सौद्यांना त्यापुढे आयुष्य नसतं. गिऱ्हाइकानं स्वतः सौदा मिटवला नाही, तर ब्रोकरची यंत्रणा साधारण सव्वातीनपासून आपणहून तो कापायला घेते. म्हणून त्या दिवशीची प्रत्येक वेळ साडेतीनपासून उलटी मोजली पाहिजे.

सकाळी ९:१५. साडेतीनला ६ तास १५ मिनिटे

बाजार नेहमीसारखा उघडला. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी २५ तारखेला, फेब्रुवारीच्या वायद्यांची एक्सपायरी, म्हणजे मुदत संपण्याचा दिवस, होती. एक्सपायरीच्या आदल्या दिवशी सौदे वाढतात, मार्जिनवर घेतलेल्या मोठ्या पोझिशन उघड्या असतात आणि एकेका मिनिटाला किंमत येते.

लॉकडाउनच्या वर्षात डीमॅट खाती उघडणाऱ्यांची लाट आली होती आणि ती मुंबई-पुण्यापुरती नव्हती. जळगावात सब-ब्रोकरच्या ऑफिसात खुर्ची टाकून भाव बघणारी जुनी मंडळी होतीच. त्यांच्या जोडीला अमळनेर, चोपडा, शिरपूर, दोंडाईच्याची तरुण पोरं फोनवरून सौदे करू लागली होती. खानदेशला हा बाजार परका नाही. भवरलाल जैन यांनी जळगावात उभी केलेली जैन इरिगेशन एनएसई आणि मुंबईतलाच दुसरा शेअर बाजार बीएसई अशा दोन्ही ठिकाणी नोंदलेली आहे. शेतात तिच्या ठिबकच्या नळ्या आणि डीमॅटमध्ये तिचे शेअर, अशी घरं इकडे आहेत. त्यामुळे मुंबईतल्या सर्व्हर रूममध्ये काही अडलं, तर त्याची झळ तापीच्या काठापर्यंत त्याच सेकंदाला पोचते.

सकाळी १०:०८ च्या सुमारास. साडेतीनला ५ तास २२ मिनिटे

एनएसईचा निर्देशांक निफ्टी, त्याचा आकडा थबकला. शेअरचे भाव हलत होते, सौदे होत होते, पण निर्देशांक होता तिथेच उभा. बँक निफ्टीचंही तेच.

सर्व्हर सांभाळणारा माणूस अशा वेळी त्या थबकलेल्या आकड्याकडे बघत बसत नाही. निर्देशांक मोजणारी यंत्रणा वेगळी, सौदे जुळवणारी वेगळी. एक मेली आणि दुसरी जिवंत राहिली, तर मेलेली कशावर उभी होती हे आधी शोधायचं असतं. कारण त्याच पायावर आणखी कोण कोण उभं आहे, हे कळेपर्यंत पुढची यंत्रणा बसलेली असते.

इथेही पाया सामाईक होता. एनएसईची यंत्रणा एका जागी नसते. मुख्य जागेपासून फार दूर नसलेली जवळची राखीव जागा आणि चेन्नईतली लांबची राखीव जागा, अशी तिची मांडणी. मुख्य आणि जवळच्या जागेमध्ये दोन टेलिकॉम कंपन्यांच्या अनेक लिंक होत्या. एक गेली तर दुसरी असावी, हा हेतू. एनएसईनं नंतर जो खुलासा केला त्यात म्हटलं होतं, की या वाटेवरच्या रस्त्याचं खोदकाम आणि बांधकाम यामुळे लिंक गेल्या. दोन्ही कंपन्यांच्या.

खानदेशात हे वाचून कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत. सुरत-नागपूर महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं चाललं आणि जेसीबीच्या दातांनी केबल उचकटली की बँकेपासून रेशन दुकानापर्यंत सगळं अडतं, हे जळगाव-धुळ्यानं पाहिलेलं आहे. दोन कंपन्यांची बिलं वेगवेगळी येतात म्हणून त्यांच्या केबल वेगवेगळ्या चरांतून जातात, असं इकडे कुणी गृहीत धरत नाही. ते स्वतः जाऊन बघावं लागतं आणि रस्त्याचं काम निघालं की पुन्हा बघावं लागतं.

पण लिंक गेल्या एवढ्यावर भागलं असतं, तर हा लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. लिंक गेल्यावर मुख्य जागेनं एकटीनं काम चालवायचं, अशीच रचना होती. ती चालली नाही, कारण गाडं अडलं ते सॅनमध्ये, म्हणजे सगळ्या सर्व्हरच्या सामाईक साठवणुकीत. दोन जागी एकच खातं ठेवायचं तर इथे केलेली प्रत्येक नोंद तिथेही पोचली, अशी पोच यावी लागते. पोच येत नसेल तर साठवणुकीपुढे दोनच वाटा उरतात. एक म्हणजे एकट्यानं पुढे जायचं. पण पलीकडची जागाही तसंच पुढे गेली, तर एका बाजाराची दोन खाती तयार होतात आणि त्यातलं खरं कोणतं, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. दुसरी वाट थांबण्याची. लिंक स्वच्छ तुटली तर हा निर्णय सोपा असतो. ती येत-जात राहिली, क्षणभर जिवंत आणि क्षणभर मेलेली, तर यंत्र गोंधळतं. त्या दिवशी लिंकच्या अस्थिरतेमुळे साठवणूक अपेक्षेप्रमाणे वागली नाही आणि तिच्यावर विसंबलेल्या सर्व्हरना ती मिळेनाशी झाली.

सकाळी ११:४०. साडेतीनला ३ तास ५० मिनिटे

एनएसईनं सगळे विभाग थांबवले. दोन्ही टेलिकॉम कंपन्यांच्या लिंकमध्ये अडचण असल्यामुळे यंत्रणेवर परिणाम झाला आहे, दुरुस्ती होताच व्यवहार सुरू होतील, अशा आशयाचं निवेदन आलं. कधी सुरू होतील, ते त्यात नव्हतं.

थांबवण्याचं खरं कारण निर्देशांक नव्हता. सौदे मिटवण्याचं काम करणाऱ्या एनएसई क्लिअरिंगची जोखीम मोजणारी यंत्रणा हाती नव्हती. कुणी किती उधारीवर सौदा केला, त्यामागे पुरेसं मार्जिन आहे का, मर्यादा ओलांडली तर पुढचा सौदा रोखायचा का, हे ती क्षणोक्षणी बघते. तिच्याशिवाय बाजार चालू ठेवणं म्हणजे कुणाची ऐपत न तपासता पैसे देत सुटणं. सौदे जुळवणारं इंजिन शाबूत होतं, तरी बाजार थांबवणं बरोबर होतं, असंच माझं मत आहे. चूक शोधायची असेल तर ती यापुढच्या चार तासांत शोधावी.

बीएसई चालूच होती. दोन्ही बाजारांच्या क्लिअरिंग संस्थांची जोडणी २०१९ मध्ये झाली होती. त्यामुळे एनएसईवर घेतलेले शेअर बीएसईवर विकून सौदा मिटवता येत होता. कागदावर ही सोय चांगली. पण तेव्हा वायदे-पर्यायांचा जवळजवळ सगळा धंदा एनएसईवर होता. तिथे अडकलेल्या माणसाला बीएसईवर गिऱ्हाईकच मिळणार नव्हतं.

दुपारी १२:१०. साडेतीनला ३ तास २० मिनिटे

अर्धा तास झाला. बाहेरच्या माणसाला वाटतं, लिंक दुरुस्त झाली की बटण दाबायचं आणि बाजार सुरू. आतली गोष्ट तशी नसते. आधी साठवणूक स्थिर व्हायला हवी. तिच्यावर डेटाबेस उठणार. अचानक बंद पडलेला डेटाबेस उठल्या उठल्या कामाला लागत नाही. तो आपली नोंदवही उघडतो, शेवटच्या पक्क्या टप्प्यानंतर काय काय लिहिलं गेलं ते पुन्हा लावतो, अर्धवट राहिलेले व्यवहार मागे फिरवतो. बाजार जितका जोरात चालू असताना तो पडला, तितकं हे काम लांबतं. मग त्यावरचे हिशेब, जोखमीची मोजणी, देखरेख. मग ब्रोकरांच्या जोडण्या. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीची वाट बघते आणि एकीला उशीर झाला की तो वरपर्यंत चढत जातो.

हे समजायला एनएसईएवढी यंत्रणा लागत नाही. जळगावच्या एखाद्या डाळमिलच्या ऑफिसात किंवा धुळ्यातल्या हॉस्पिटलात मे महिन्यातली दुपार आठवा. लाइट जाते, यूपीएसचा दम संपतो आणि लाइट आली की सगळी मशीनं एकदम सुरू होतात. बिलिंगचं मशीन दोन मिनिटांत तयार होतं. डेटाबेसचं मशीन अजून डिस्क तपासतंय. राउटरला इंटरनेट यायचंय. बिलिंगचं सॉफ्टवेअर डेटाबेसला नावानं हाक मारतं, पण नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस अजून उठलेलाच नाही. लिनक्सवर अशी एक चौकशी साधारण ५ सेकंद वाट बघते, मग पुन्हा विचारते. सुरू होताना सॉफ्टवेअर अशा वीस-पंचवीस चौकश्या एकामागून एक करत असेल, तर काही मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात. त्या वेळात प्रोसेसर रिकामा, मेमरी रिकामी, डिस्क शांत. काउंटरवरचा माणूस म्हणतो, सर्व्हर स्लो झाला. सर्व्हर स्लो नसतो. तो कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत असतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे मुदतीचा. विंडोजमध्ये सेवेनं सुरू होताना साधारण ३० सेकंदांत हजेरी लावली नाही, तर ती फसली अशी नोंद होते. लिनक्सच्या सिस्टमडीत ही मुदत मुळात ९० सेकंदांची असते. आता एखाद्या सेवेला त्या दिवशी खरोखर १०० सेकंद लागणार असतील, तर काय होतं? नव्वदाव्या सेकंदाला तिला मारलं जातं. आपोआप पुन्हा सुरू करायची सूचना असेल तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते आणि पुन्हा नव्वदाव्या सेकंदाला मरते. अशी ती तासभर घोळत राहील आणि स्क्रीनवर मात्र ‘सुरू होत आहे’ एवढंच दिसेल. त्यात समोरचा माणूस घायकुतीला येऊन स्वतः रिस्टार्ट मारतो. डेटाबेसची जी सावरासावर अर्ध्यावर आलेली असते, ती त्या एका बटणानं पुन्हा मागे जाते.

म्हणून जाणती माणसं आधी हात बांधून लॉग वाचतात. कोणत्या सेवेला किती वेळ लागला, याची यादी सिस्टमडी काढून देतं. पण त्या यादीत सगळ्यात वर दिसणारी सेवा बहुतेक वेळा बिचारी नुसती खोळंबलेली असते. कोण कुणासाठी थांबलं, ती साखळी वेगळी मागवून बघावी लागते आणि खरा अपराधी तिच्या तळाशी सापडतो. आणि एक गोष्ट मी नव्या पोरांना आवर्जून सांगतो. स्क्रीनवर सेवा ‘चालू’ दिसणं आणि तिनं पहिल्या गिऱ्हाइकाला बरोबर उत्तर देणं, या दोन वेगळ्या वेळा आहेत. रीबूटनंतर दोन्ही लिहून ठेवायच्या.

दुपारी १:००. साडेतीनला २ तास ३० मिनिटे

बाजार बंदच. वेळ सांगितली जात नाही, हीच आता सगळ्यात मोठी अडचण. ब्रोकरांचे फोन वाजताहेत आणि त्यांच्याकडेही सांगण्यासारखं काही नाही.

वेळ का सांगता येत नाही, याचं उत्तर अॅमेझॉननं चार वर्षांपूर्वी जगाला प्रांजळपणे दिलं होतं. २८ फेब्रुवारी २०१७ ला अमेरिकेतल्या नॉर्थ व्हर्जिनियात त्यांच्या एस३ या साठवणूक सेवेत एका कर्मचाऱ्यानं काही सर्व्हर काढण्याची आज्ञा दिली. त्यातला एक तपशील चुकला आणि हवे होते त्याहून पुष्कळ जास्त सर्व्हर निघाले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे ११ वाजून ७ मिनिटं झाली होती. कोणती वस्तू कुठे ठेवली आहे हे सांगणारी उपयंत्रणा आणि नव्या वस्तूला जागा देणारी उपयंत्रणा, या दोन्ही पूर्ण रीस्टार्ट कराव्या लागल्या. पहिली सावरायला सुरुवात झाली पहाटे १:५६ ला आणि सगळं सुरळीत झालं ३:२४ ला. अॅमेझॉननं लिहिलं, की मोठ्या केंद्रांमध्ये या उपयंत्रणा कित्येक वर्षांत पूर्णपणे रीस्टार्ट केल्याच नव्हत्या. मधल्या काळात सेवा अवाढव्य वाढली आणि उठताना करायच्या तपासण्यांना वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला. त्यांचा सेवा चालू-बंद दाखवणारा फलकसुद्धा एस३ वरच विसंबून होता, त्यामुळे पहिले दोन तास तो बदलताच आला नाही.

जगातल्या सर्वांत मोठ्या संगणक-सेवेला आपली यंत्रणा उठायला किती वेळ घेते ते माहीत नव्हतं, कारण ती कित्येक वर्षांत पूर्ण बंद पडलीच नव्हती. वर्षानुवर्षं बंद न पडलेल्या मशीनचं कौतुक होतं. मला त्या मशीनची धास्ती वाटते.

दुपारी २:००. साडेतीनला १ तास ३० मिनिटे

चेन्नईची जागा तयार असताना बाजार तिकडे का हलवला नाही? हा प्रश्न शेअर बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं त्याच दिवशी एनएसईला विचारला आणि त्याचं लेखी उत्तर मागितलं. एनएसईनं मुख्य जागेवरूनच सावरण्याची वाट धरली होती.

तो निर्णय घेणाऱ्या माणसांना दोष देणं सोपं आहे. पण असा निर्णय दोन आकड्यांची तुलना करून घ्यायचा असतो. इथेच दुरुस्त करायला किती वेळ, तिकडे हलायला किती वेळ. दोन्ही आकडे प्रत्यक्ष मोजलेले नसले तर माणूस जे डोळ्यांसमोर आहे त्याला चिकटतो. आणखी दहा मिनिटांत होईल, असं वाटत राहतं. दहा मिनिटांनी पुन्हा तसंच वाटतं. तिकडे हलवायला घेतलं आणि मध्येच इथलं सुरू झालं तर काय, ही भीतीही असते. अशा दहा-दहा मिनिटांनी दुपार सरते.

भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. तिथले ५०० मेगावॉटचे संच पूर्ण थंड पडले तर बटण दाबून वीज मिळत नाही. बॉयलर हळूहळू तापवावा लागतो, टर्बाइन ठरल्या चालीनं गरम करावं लागतं, घाई केली तर धातू साथ देत नाही. आणि मुळात पंप, पंखे, कोळशाच्या चक्क्या चालवायलाच बाहेरून वीज लागते. वीज निर्माण करणारं केंद्र वीज नसेल तर सुरू होत नाही. ३० जुलै २०१२ च्या पहाटे २:३३ ला देशाचं उत्तरेकडचं ग्रिड कोसळलं, तेव्हा पश्चिमेचं ग्रिड, ज्यात आपण आहोत, ते टिकून राहिलं. त्याच्याकडून मिळालेल्या विजेवरही उत्तरेतली केंद्रं पुन्हा उभी करायला दुपार उजाडली. दुसऱ्याच दिवशी दुपारी १ वाजता उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रिडं एकदम गेली. वीज खात्यात अशा काळोखातून उठण्याचा क्रम लिहिलेला असतो. कोणतं जलविद्युत केंद्र आधी, कोणत्या लाइननं कोणत्या औष्णिक केंद्राला वीज, मग कोणतं शहर. संगणकवाल्यांनी वीजवाल्यांकडून हा क्रम लिहिण्याची सवय घ्यायला हवी.

दुपारी ३:००. साडेतीनला ३० मिनिटे

आता निर्णय ब्रोकरांच्या दारात येऊन पडला. एनएसई आज उघडणार की नाही, उघडली तर किती वेळ, हे अजून जाहीर नव्हतं. गिऱ्हाइकांच्या इंट्राडे पोझिशन उघड्या. त्या रात्रभर तशाच राहू दिल्या आणि सकाळी भाव उलटला, तर तोटा गिऱ्हाइकाच्या मार्जिनच्या पलीकडे जाऊन ब्रोकरच्या गळ्यात पडणार. त्यामुळे अनेकांनी हाती असलेला एकच मार्ग धरला. बीएसईवर सौदे कापायला सुरुवात केली.

दुपारी ३:१५. साडेतीनला १५ मिनिटे

जिथे एरवी माफक सौदे होतात, तिथे एकदम सगळ्या ब्रोकरांच्या यंत्रणा घुसल्या. विकणाऱ्यानं मिळेल त्या भावाला विकलं. मंदीत बसलेल्यानं मिळेल त्या भावाला घेतलं. पोझिशन आपली, पैसा आपला, पण हात दुसऱ्याचा.

आणि तीन वाजून गेल्यावर, हे कापणं चालू असताना, एनएसईची घोषणा आली. साडेतीनला पूर्व-सत्र, पावणेचारला व्यवहार सुरू, संध्याकाळी पाचपर्यंत बाजार. बीएसईनंही वेळ पाचपर्यंत वाढवली.

ही बातमी दोन वाजता आली असती, तर यंत्रणा पावणेचारलाच उठली असती तरी चाललं असतं. ब्रोकर थांबले असते, गिऱ्हाइकं थांबली असती. उशिरा उठण्याएवढीच, कधी उठणार ते उशिरा कळण्याचीही किंमत लोकांनी मोजली.

दुपारी ३:३०

घड्याळ शून्यावर आलं. ज्यांचे सौदे कापले गेले त्यांचा दिवस संपला होता. एनएसईचा दिवस पुन्हा सुरू होत होता.

दुपारी ३:४५

थांबल्यापासून ४ तास ५ मिनिटांनी व्यवहार सुरू झाले.

या क्षणाला सर्व्हर सांभाळणारी माणसं पडण्याच्या क्षणाइतकीच घाबरतात. चार तास अडवलेली माणसं एकाच सेकंदाला आत शिरतात. नुकत्याच उठलेल्या मशीनची मेमरी कोरी असते, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर थेट डिस्कवरून आणावं लागतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम आपल्याकडे रात्री नऊनंतर सहा तासांच्या आसपास बंद होते. फेसबुकच्या अभियंत्यांनी नंतर सांगितलं, की त्यांच्या केंद्रांचा वीजवापर दहा-दहा मेगावॉटच्या मापानं खाली आला होता आणि सगळं एकदम चालू केलं असतं तर विजेच्या यंत्रणेपासून मेमरीपर्यंत सगळं धोक्यात आलं असतं. म्हणून त्यांनी एकेक सेवा हळूहळू सोडली. एनएसईनं आधी पंधरा मिनिटांचं पूर्व-सत्र ठेवलं, त्याचा फायदा इथे झाला असणार.

संध्याकाळी ५:००

निफ्टी २७४ अंकांनी चढून १४,९८२ वर बंद झाला, सेन्सेक्स १,०३० अंकांनी चढून ५०,७८१ वर. सरकारी कामकाजाची दारं सगळ्या खासगी बँकांना खुली करण्याचा निर्णय केंद्रानं त्याच दिवशी जाहीर केला होता आणि बँकांचे शेअर उसळले होते. तेजीत बसलेल्या ज्या माणसाची पोझिशन सव्वातीनला बीएसईवर कापली गेली, त्यानं ही सव्वा तासाची उसळी फोनच्या स्क्रीनवर बघितली. त्याचा अंदाज बरोबर होता. त्याला ब्रोकरचा नियम वाचून दाखवण्यापलीकडे कुणाकडे काही नव्हतं.

२२ मार्च २०२१ आणि पुढे

एनएसईचा कारणमीमांसेचा खुलासा २२ मार्चला आला आणि त्याच तारखेला सेबीनं बाजारसंस्थांसाठी नवे नियम काढले. महत्त्वाची यंत्रणा बसली तर ३० मिनिटांत तिला आपत्ती म्हणून जाहीर करायचं आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत राखीव जागेवरून काम सुरू करायचं. ‘आणखी दहा मिनिटांत होईल’ याला या नियमानं दार लावलं. जून २०२३ मध्ये एनएसई आणि एनएसई क्लिअरिंगनं मिळून सेबीला ७२ कोटी रुपयांहून अधिक रक्कम भरून हे प्रकरण तडजोडीनं मिटवलं.

माझ्या दृष्टीनं खरी सुधारणा शनिवारी, २ मार्च २०२४ ला दिसली. सुटीच्या दिवशी खास बाजार भरवला गेला. सकाळी ९:१५ ते १० मुख्य जागेवरून, मग मधली वेळ हलवाहलवीला आणि ११:३० ते १२:३० राखीव जागेवरून. ही रंगीत तालीम नव्हती. खरे पैसे, खरे सौदे. त्या मधल्या दीड तासात किती माणसांनी हातात घड्याळ धरलं असेल, याचा विचार केला तरी मला बरं वाटतं. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून सर्व्हर घेऊन जाणाऱ्या प्रत्येक पतसंस्थेनं वर्षातून एक रविवार असाच काढावा. मेन स्विच खाली करावा, पुन्हा वर करावा आणि पहिली पावती छापेपर्यंतची मिनिटं मोजून कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटावर चिकटवावीत. पुढच्या वर्षी आकडा वाढलेला दिसला, की वर्षभरात काय बदललं ते शोधायचं. मॅनेजरला ‘कधी सुरू होईल?’ या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावरून देता आलं पाहिजे.

२८ नोव्हेंबर २०२४ च्या परिपत्रकानं सेबीनं आणखी एक वाट बांधली. १ एप्रिल २०२५ पासून एनएसई आणि बीएसई एकमेकांच्या पर्यायी जागा ठरल्या. एक बसली तर तिनं ७५ मिनिटांत सेबीला आणि दुसरीला कळवायचं, आणि निरोप मिळाल्यापासून १५ मिनिटांत दुसरीनं आपली योजना अमलात आणायची. २४ फेब्रुवारीच्या घड्याळावर हे लावून पाहिलं, तर ११:४० नंतरची ९० मिनिटं दुपारी १ वाजून १० मिनिटांनी संपतात. साडेतीनला तेव्हा २ तास २० मिनिटं बाकी होती आणि इंट्राडेचे सौदे कापायला घेण्याची वेळ अजून आलेली नव्हती.